केकवर खरी फुलं लावायची तर आधी हे वाचून घ्या

केकवर फुलं दिसली की घरातलं कोणीतरी मोठं माणूस हमखास विचारते, हे काढून खायचं की यासकट? माझ्या मते उत्तर एकच, यासकट. जे काढून ठेवावं लागते ते केकवर ठेवूच नका. बर्थडेला मेणबत्ती विझली की सगळे पोट्टे एकदमच हात घालतात, कोणी क्रीम चाटते, कोणी फूल उचलून सरळ तोंडात टाकते, तेव्हा "अरे ते शोचं आहे" म्हणायला कोणाला वेळ मिळत नाही.

तसं फुलं खाणं आपल्याला काही नवीन नाही राजेहो. हादग्याच्या फुलांची भाजी, शेवग्याच्या फुलांची भाजी, भोपळ्याच्या फुलांची भजी, पाडव्याला कडुनिंबाचा फुलोरा, उन्हाळ्यात गुलकंद, सगळं घरातलंच आहे. लवंग म्हणजे न उमललेली कळी आणि केशर म्हणजे फुलातले तंतू. पण केक म्हटला की आपण इन्स्टाग्रामवरचा फोटो पाहतो आणि तसंच दिसणारं फूल शोधायला आपल्या नागपूरच्या बर्डीला जातो, गडबड तिथूनच सुरू होते.

बर्डीच्या फूल मार्केटमध्ये सकाळी गेलं तर काय फुलं असतात, मान्य, पण ती हारासाठी, पूजेसाठी, बुकेसाठी पिकवलेली असतात. त्यावर फवारणी करताना हे कोणाच्या पोटात जाईल असा हिशोब कोणी धरत नाही. त्यातली बरीच औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या रसातूनच पानाफुलांत उतरतात, मग तुम्ही मिठाच्या पाण्यात धुवा नाहीतर व्हिनेगरमध्ये बुडवा, निघत नाहीत. लांब दांड्याचे डच गुलाब तर त्याहून नको, ते जास्त दिवस टिकावे म्हणून तोडल्यावरही औषधाच्या पाण्यात ठेवलेले असतात. त्यामुळे फुलवाल्याकडचं फूल घरात फ्लॉवरपॉटमध्ये खुशाल ठेवा, केकवर नको, कितीही ताजं असो.

नर्सरीतून कुंडी आणली तरी तेच. आज आणली आणि उद्या त्याचंच फूल केकवर, असं नाही करायचं. येताना जी फुलं आणि कळ्या असतील त्या खुडून टाका, दोन-तीन महिने घरी काहीच न फवारता वाढू द्या, मग नंतर जी फुलं येतील ती वापरा. मावा या किडीने फारच त्रास दिला तर पाण्याचा जोरात फवारा मारा, बस.

मग फुलं मिळणार कुठून? सगळ्यात भरवशाची आपली गच्ची नाहीतर गॅलरी. नाहीच तर शेजारीपाजारी, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं जास्वंद आणि गावठी गुलाब आहे आणि फवारणी कोणी कधी केली नाही, अशा घरी एक वाटी खीर नेऊन दिली की फुलं मिळतात. खाण्यासाठी म्हणून पिकवलेली फुलं छोट्या डब्यात ऑनलाइन पण मिळतात, महाग पडतात आणि आपल्या उन्हात येईपर्यंत त्यातली किती जिवंत राहतील ते सांगता येत नाही, म्हणून हिवाळ्यातच मागवा. सुक्या गुलाबपाकळ्या घ्यायच्या असल्या तर पाकिटावर खाण्याच्या आहेत असं लिहिलेल्या घ्या. पूजेच्या किंवा घरात वासासाठी ठेवायच्या पाकळ्यांवर अत्तर मारलेलं असू शकते, पाकीट उघडल्याबरोबर वास नाकात घुसला तर समजून जा.

आता कोणती फुलं अजिबात नको, हा भाग नीट वाचा. पहिली सदाफुली. प्रत्येक घरी असते, बाराही महिने फुलते, पाच पाकळ्यांचं गुलाबी-पांढरं फूल इतकं बरोबर केकच्या मापाचं असते की हात आपोआप तिकडेच जातो. पण त्या झाडात जी अल्कलॉइड्स असतात त्यातली काही कॅन्सरच्या औषधात वापरतात, म्हणजे ते गंमत म्हणून खायचं फूल नाही. कण्हेर, लाल-गुलाबी असो की पिवळी, पूर्ण झाडच विषारी आहे आणि परिणाम थेट हृदयावर होतो. धोतरा, रुई, कळलावी, घाणेरी, अडेनियम, अलमांडा, सगळी बाद. चाफा दिसायला राजा, पण त्याचा चीक तोंडाला त्रास देतो. बुकेतली हायड्रेंजिया, अँथुरियम, डॅफोडिल नको. शोभेचा स्वीट पी पण नको, नाव मटारासारखं असलं तरी तो खायचा मटार नाही. कोणी म्हणेल देवाला चालते मग आपल्याला काहून नाही चालत? तर महादेवाला धोतरा चालतो, मारुतीला रुई चालते, आपल्या पोट्ट्यांना चालत नाही.

अजून एक, ती पांढरी बारीक बारीक जिप्सी जी बुकेत भरायला वापरतात, केकवरही फार दिसते. तिच्याने पोटाला आणि कातडीला त्रास होऊ शकतो, म्हणून नको. आणि रस्त्याच्या कडेला तशीच पांढरी बारीक फुलं दिसली म्हणून तोडू तर मुळीच नका, ते बहुतेक गाजर गवत असते, त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमा उठतो. जिप्सीची हौस असेल तर माझा आवडता जुगाड ऐका. कुंडीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावा आणि थोडा तोडायचा विसरा. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की तो स्वतःच वर जातो आणि जाळीदार पांढरी फुलं धरतो, दिसायला जिप्सीपेक्षा नाजूक, आणि चव हलकी सांभाराची, जी लिंबाच्या किंवा संत्र्याच्या केकवर खरंच चांगली लागते. चॉकलेट केकवर मात्र नको, तिथे तो वरणावरून उडून आल्यासारखा वाटतो. बडीशेपेचा पिवळा फुलोरा पण असाच कामाचा आहे, आणि तुळशीच्या मंजिऱ्या पण.

आपल्या नागपूरच्या हवेत काय केव्हा मिळते ते पाहू. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की पॅन्सी, डायन्थस, कॅलेंड्युला, नॅस्टर्शियमच्या बिया किंवा रोपं लावा, डिसेंबर ते फेब्रुवारी फुलं घ्या. हाच आपला केकच्या फुलांचा खरा सीझन, मार्चमध्ये ऊन चढलं की पॅन्सी मान टाकते. पॅन्सी चवीला साधी, गवतासारखी थोडी, पण चेहरा असा की केकवर एकटी ठेवली तरी पुरते. डायन्थसला लवंगेची झाक असते, फक्त पाकळीचं खालचं पांढरं टोक कडू असते ते कापून टाका, गुलाबाच्या पाकळीचंही तसंच करा. नॅस्टर्शियम तिखट असते, मुळ्याच्या जवळ जाणारी चव, पाहुण्यांना आधी सांगा नाहीतर गोड समजून खातील आणि तोंड पाहण्यासारखं होईल. मला ते डार्क चॉकलेटवर आवडते, पांढऱ्या गोड क्रीमवर नाही. डॉग फ्लॉवर खाता येते पण चव काहीच नाही, कधी कडवट, फक्त रंगासाठी. झेंडू दसऱ्यापासून ढिगाने असतो पण हाराचा झेंडू नको, घरचा असेल तर नुसत्या पाकळ्या सोडवून, त्याही चिमूटभरच, वास आणि कडूपणा दोन्ही जोरात असतात.

उन्हाळ्यात मोगरा. मोगरा खाण्यापेक्षा वास द्यायच्या कामाचा आहे. रात्री थंड दुधात स्वच्छ मोगऱ्याची मूठभर फुलं टाकून झाकून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळून त्या दुधाचा कस्टर्ड किंवा फिरनी करा, वरून एखादंच फूल. मोगरा म्हणजे मोगराच हं, जाईजुईसारखी दिसणारी कोणतीही पांढरी वेल चालत नाही. जास्वंद बारा महिने असते, थोडी आंबट आणि चिकट, पण फूल एका दिवसाचं, संध्याकाळी मिटायला लागते, म्हणून रात्री आठचा बर्थडे असेल तर पूर्ण फूल लावू नका, पाकळ्या वापरा. केक गरोदर बाईसाठी असेल तर जास्वंद राहू द्या, घरचा गुलाब लावा. झेंडू, शेवंती, कॅलेंड्युला, सूर्यफूल या एकाच कुळातल्या फुलांनी ज्यांना शिंका किंवा दमा होतो त्यांना ती देऊ नका, आणि कोणतंही मोठं फूल असलं तरी मधले पुंकेसर काढूनच टाका, त्रास देणारे परागकण तिथेच असतात.

फूल तोडायचं ते सकाळी, दव सुकलं की लगेच, ऊन चढायच्या आत. एका भांड्यात गार पाणी घ्या आणि देठाला धरून फूल त्यात हळूच बुडवून हलवा, नळाखाली धरू नका, पाकळ्या फाटतात. आत मुंग्या आणि ते बारीक काळे किडे असतातच, जास्त वाटले तर किंचित मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं, मग साध्या पाण्यात. टिश्यूवर पालथं ठेवून पूर्ण कोरडं करा. मग हवाबंद डब्यात खाली ओलसर टिश्यू, त्यावर फुलं एका थरात, झाकण लावून फ्रीजमध्ये. पॅन्सी, डायन्थस दोन-तीन दिवस राहतात, गुलाबाच्या पाकळ्या पण. मान टाकली असेल तर बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून पाहा, बऱ्याच वेळा वापस उभी राहतात.

आता साखरेची फुलं, म्हणजे ज्याला क्रिस्टल फ्लॉवर म्हणतात ते, कारण बहुतेक ताजी फुलं हिवाळ्यातच आणि बर्थडे तर वर्षभर असतात. फॉरेनचे व्हिडिओ पाहाल तर अंड्याचा पांढरा भाग ब्रशने लावतात. ते चांगलं होते, पण अंडं कच्चंच राहते, लहान पोट्टे आणि गरोदर बायकांना नको, आणि अर्ध्या घरांमध्ये केक एगलेसच पाहिजे असतो. डिंकाने तितकंच सुंदर होते. लाडवात टाकतो तो बाभळीचा डिंक बारीक कुटून एक चमचा घ्या, दोन-तीन चमचे गुलाबपाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळणीतून गाळा. पातळ सायीसारखं झालं पाहिजे, घट्ट वाटलं तर अजून थोडं गुलाबपाणी. दुकानात डिंक कतीरा देतील तर तो नका घेऊ, तो पाण्यात नुसता फुगून जेलीसारखा होतो, विरघळत नाही, सरबतासाठी ठीक आहे.

साखर मिक्सरमधून एकदाच फिरवायची, रव्यापेक्षा बारीक पण पिठी नाही. तयार आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोर असते, तिचा लेप बसतो आणि फूल चुना लावल्यासारखं दिसते. गुलाबाची एक पाकळी चिमट्याने धरा, बारीक नवीन ब्रशने डिंक आधी मागून मग समोरून लावा, कडेपर्यंत, पाकळीच्या वाटीत डबकं साचू देऊ नका. जिथे डिंक लागला नाही तिथली कड दोन दिवसांत तपकिरी पडते, जिथे जास्त झाला तिथे साखर गोळा होते. मग वरून चमच्याने साखर भुरभुरा, बुडवू नका, पाकळी उलटून मागूनही, आणि देठाच्या बाजूने हलकीशी टिचकी मारा म्हणजे जादा साखर पडून जाते. उजेडात धरली की प्रत्येक दाणा वेगळा चमकला पाहिजे आणि खालचा गुलाबी रंग दिसला पाहिजे. पॅन्सीला पण असंच, फक्त तिच्या मागचं शेपूट आणि देठ शेवटी कापा, तोपर्यंत धरायला कामी येते.

वाळवायचं बटर पेपरवर, सावलीत. इथे आपलं नागपूर जिंकते, कारण एप्रिल-मेच्या कोरड्या गरमीत फुलं एका दिवसात कडक होतात, मुंबई-कोकणवाले यासाठी ओव्हन आणि काय काय करत बसतात. फक्त कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवू नका! कूलर हवेत ओल सोडतो, साखर चिकट होते आणि मग कितीही वेळ ठेवा, वाळत नाही. उन्हातही नको, रंग उडतो. पावसाळ्यात हा उद्योगच करू नका. वाळली की हवाबंद डब्यात बटर पेपरचे थर देऊन, फ्रीजच्या बाहेर, महिनाभर तरी छान राहतात. म्हणजे गुलाब फेब्रुवारीत बहरात असताना करायला घ्या, थंडीत दोन दिवस जास्त लागले तर लागू द्या, पाडव्याच्या श्रीखंडावर लावायला तयार.

दाबून सपाट केलेली फुलं पण करता येतात, जाड पुस्तकात बटर पेपरच्या घडीत ठेवून आठ-दहा दिवस. पेपरची रद्दी वापरू नका, शाई लागते. अशी फुलं बिस्किटांवर किंवा फॉन्डंटवर, म्हणजे केकवरच्या साखरेच्या लाटलेल्या थरावर, मस्त बसतात.

केकवर लावताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. व्हिप क्रीमवर ताजं फूल दोन तासांत मऊ पडायला लागते, साखर त्यातलं पाणी ओढते, म्हणून केक कापायच्या अर्धा-एक तास आधी लावा. गनाशवर, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या लेपावर, त्यापेक्षा बरं टिकते. जास्वंद आणि गोकर्ण रंग सोडतात, पांढऱ्या क्रीमवर त्यांच्याभोवती जांभळट डाग पसरतो, त्यांच्या मागच्या बाजूला वितळलेल्या व्हाइट चॉकलेटचा पातळ हात मारला तर थांबते. देठ केकमध्ये सरळ खुपसू नका, देठ एक सेंटिमीटर ठेवून क्रीमच्या ठिपक्यावर बसवा. फ्रीजमधून काढलेल्या केकला बाहेरच्या हवेत घाम येतो, त्या थेंबात पाकळ्या भिजल्या की संपलं, पावसाळ्यात तर फारच, म्हणून आधी केक बाहेर काढा, दहा मिनिटं थांबा, मग फुलं. आणि कमी लावा. एका बाजूला तीन मोठी, दोन लहान, थोडा सांभाराचा फुलोरा, बाकी केक मोकळा. अख्खा केक फुलांनी भरला की तो हार घातलेला सत्कारमूर्ती दिसतो.

गोकर्ण वेगळी सांगते कारण तिची गंमत रंगात आहे. निळ्या गोकर्णाची आठ-दहा फुलं, हिरवा देठाकडचा भाग काढून, अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पाणी गडद निळं होते. त्यात लिंबाचे दोन थेंब टाका, पोट्ट्यांना जवळ बोलावून टाका, डोळ्यांसमोर जांभळं होते. आंबटपणा बदलला की त्यातलं रंगद्रव्य रंग बदलते एवढंच आहे, पण दरवेळी मजा येते. याची चव जवळजवळ काहीच नाही म्हणून क्रीम, खीर, जेली कशातही जाते. दह्यात किंवा श्रीखंडात मात्र निळा राहणार नाही, आंबट असल्यामुळे जांभळट होईल.

जेली करायची असेल तर जिलेटिनपेक्षा चायना ग्रास घ्या, शाकाहारी तर आहेच, शिवाय जिलेटिनची जेली आपल्या मेच्या दुपारी टेबलावरच पाणी होते आणि चायना ग्रासची एकदा जमली की ८० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. १० ग्रॅम काड्या पाऊण ते एक लिटर पाण्यात भिजवून, पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, साखर टाका, लिंबू पाहिजे तर गॅस बंद केल्यावरच. साच्यात आधी पातळ थर ओता, तो जेमतेम धरला, बोटाला चिकटतो असा झाला की त्यावर फुलं पालथी ठेवा, मग उरलेलं कोमट मिश्रण चमच्याच्या पाठीवरून हळू ओता. पहिला थर पूर्ण घट्ट झाला तर दोन थर नंतर सुटे होतात, आणि ओतलेलं फार गरम असलं तर फुलं शिजून मरगळतात. सगळी कला त्या पाच मिनिटांची आहे.

नागपुरात राहून संत्र्याच्या फुलाबद्दल न बोलणं म्हणजे काहीतरीच. आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा हिवाळ्याच्या शेवटचा फुलोरा, जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो आणि त्याच दिवसांत बाजारात मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची, संत्री असतात, म्हणजे एकाच प्लेटमध्ये फळ आणि फूल दोन्ही ठेवता येतात, हे दुसऱ्या गावांना कुठे जमते. पण बागेतली फुलं मागू नका, नवीन पालवी आणि बहार असतानाच सिट्रस सिला या किडीवर फवारणी चालते. घरच्या किंवा ओळखीच्यांच्या अंगणातल्या बिनफवारणीच्या झाडाचीच घ्या. फुलं तोडल्याने फळ कमी होईल ही भीती नको, झाड तसंही बहुतेक फुलं गाळूनच टाकते, झाडाखाली स्वच्छ चादर टाकून सकाळी नुकतीच पडलेली गोळा करा. ही फुलं साखरेत पुरा, एक थर साखर एक थर फुलं, तीन दिवस घट्ट बंद, मग चाळून ती साखर संत्र्याच्या स्पंज केकमध्ये वापरा. वरून चार फुलं ताजी.

आणि मोहाची फुलं आहेतच आपल्या विदर्भाची. दारूचं नाव निघते म्हणून लोकं हसतात पण वाळलेली मोहाफुलं आतले केसर काढून, धुऊन, कोमट दुधात भिजवून, चिरून टाकली तर फ्रूट केकमध्ये मनुक्यांची जागा आरामात घेतात. ती सजवायला नाही, आत टाकायला, वास थोडा आंबूस असतो म्हणून सोबत वेलदोडा आणि गूळ ठेवा.

केक बेकरीतून आणायचा असेल तर ऑर्डर देतानाच सांगा की वरून काहीच नको, फुलं तर नकोच, प्लेन व्हॅनिला किंवा चॉकलेट द्या, कड नीट गुळगुळीत करा, आणि डबा नेहमीपेक्षा उंच द्या. फुलं वेगळ्या डब्यात बर्फाच्या पॅकवर टिश्यू ठेवून न्या आणि तिथे पोचल्यावर लावा, गाडीत एसी असो की नसो.